मिस्ट्रेसचा सहावा अर्थ

तिरोड्याच्या कन्याशाळेचा समारंभ ठरला आहे. शाळेचे हल्लीचे चिटणीस परवा घरी येऊन गेले. म्हणाले, "जुन्या लोकांत आता तुमीच उरले जी. पहिल्या मास्तरीणबाईंवर दोन पानं लिहून द्या. चांगलं चांगलं लिहा."

मी दोन पानं लिहिली. चांगलं चांगलंच लिहिलं. त्या शिस्तीच्या होत्या, कर्तव्याला जागणाऱ्या होत्या, मुलींवर त्यांची माया होती. लिहून झाल्यावर वाचलं, तर त्यात भागरथाबाई टेंभरे कुठेच नव्हत्या. आणि मीही नव्हतो. माझं नसणं हे त्या दोन पानांतलं सगळ्यात मोठं खोटं होतं. ती पानं मी फाडली आणि हे लिहायला बसलो. समारंभात वाचून दाखवण्याजोगं हे नाही, हे मला कळतं. पण चिटणिसांच्या हातात मी हेच ठेवणार आहे.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मूळचा भंडाऱ्याचा, मॅट्रिक झालेला. तिरोड्याच्या मालगुजारांच्या, म्हणजे गावाच्या जमीनदारांच्या, कचेरीत इंग्रजी कागद लिहायला मला ठेवलं होतं. मालगुजारांनीच गावात मुलींची शाळा काढली होती. शाळा म्हणजे धानाच्या कोठाराला लागून असलेला गोठा. जमीन सारवून घेतलेली, भिंतीला चुना. शाळेची एक समिती होती, मालगुजार तिचे अध्यक्ष आणि मी तिचा कारकून.

भागरथाबाई नागपूरहून शिकवण्याची परीक्षा पास होऊन आल्या. वय तिशीच्या आत. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, चालताना पाय असे टाकायच्या जसं पायाखाली बांधीचा, धानाच्या शेताचा, अरुंद धुरा आहे आणि तोल सांभाळायचाय. आवाज मोठा. पुढे मी पुष्कळ शिकलेल्या बायका पाहिल्या. चारचौघांत त्या आवाज बारीक करतात. भागरथाबाईंचा आवाज गोठ्यात जेवढा, तेवढाच मालगुजारांच्या बैठकीत.

बैठकीतली गोष्ट आधी सांगतो. समितीची सभा महिन्यातून एकदा व्हायची. मालगुजार गादीवर, चार सभासद खुर्च्यांवर, मी सतरंजीवर, पुढ्यात उतरतं मेज. मास्तरीणबाईंनी दाराशी उभं राहून अहवाल सांगायचा आणि निघून जायचं, असं ठरलं होतं. पहिल्या सभेला त्या उभ्या राहिल्या. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात माहा अहवाल लांब हाय. बसाची काई सोय होईल का जी?"

मालगुजार अर्धं बोलणं हिंदीत करीत. "देखेंगे," ते म्हणाले.

काही देखलं गेलं नाही. पुढच्या सभेला भागरथाबाई आल्या त्या शाळेची खुर्ची घेऊन. शाळेत ती एकच होती, सागवानी, जड. धानाचा भारा वाहावा तशी ती उलटी डोक्यावर घेतलेली, चारी पाय आभाळाकडे. आणि तो बाजाराचा दिवस! अख्खा बाजार ओलांडून आल्या. खुर्ची बैठकीत मांडली, पदरानं पुसली आणि बसल्या.

एक सभासद म्हणाला, "हे काय बाई, घरची खुर्ची आनली का?"

"माही नाई जी. शाळेची हाय. जिथं शाळेचं काम, तिथं शाळेची खुर्ची."

पुढे दोन वर्षं दर महिन्याला ती खुर्ची बाजारातून आली आणि बाजारातून गेली. बाजारातले लोक खुर्ची दिसली की म्हणायचे, आज सभा हाय.

आता शब्दाकडे येतो.

शाळाखात्याला पाठवायचा एक इंग्रजी कागद होता. त्यात नावाच्या आधी मिस किंवा मिसेस लिहावं लागे. मी विचारलं, "बाई, मिस लिहू की मिसेस?"

"फरक काय?"

"लग्न झालं नसेल तर मिस. झालं असेल तर मिसेस."

त्यांचं लग्न झालेलं होतं. नवरा गोंदियाजवळ कुडव्याला शेती करून होता. त्यानं दुसरी आणली, आणि त्या दिवशी या गाठोडं घेऊन पायी निघाल्या. याबद्दल त्यांच्या तोंडून मी एवढंच ऐकलं: "घर लहान होतं, दोघी मावलो नसतो." त्यावर पुढे कोणी विचारायची सोय नसे.

"बाबू, पुरुषाले कायचं विचारतेत? त्याचं लगन झालं का नाई, ते लिवाले लागते का?"

"नाही. पुरुष नुसता मिस्टर."

"मंग मले काऊन?"

शब्दांची मला हौस होती, आणि हौस दाखवायचीही होती. मी सांगितलं, की मिसेस हा मुळात मिस्ट्रेस या शब्दाचा आखडलेला अवतार आहे. मिस्ट्रेस म्हणजे मालकीण. जिच्या हाताखाली काही आहे, अशी बाई. पूर्वी लग्नाचा त्याच्याशी संबंध नव्हता. आणि शाळेत शिकवणारीलाही मिस्ट्रेसच म्हणतात.

त्या मांडीवर हात मारून हसल्या. "म्हंजे नवरा नसला तरी चालते! लिवा बाबू. मिस नाई, मिसेस नाई. मिस्ट्रेस टेंभरे लिवा. सबन लिवा, आखडून नोका लिवू."

मी लिहिलं. खात्याकडून हरकत आली नाही. शाळेच्या दारावरही पाटी लागली: मिस्ट्रेस भा. टेंभरे. इंग्रजी शब्द, मराठी अक्षर.

या हट्टाला दुसरंही एक कारण होतं. आपल्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात, मानानंच म्हणतात. पण गोंदियाकडे भाषांची खिचडी. रेल्वेच्या रुळांवर काम करणारा एक छत्तीसगढी माणूस आपली मुलगी शाळेत घालायला आला. बाईंनी विचारलं, घरी कोण कोण? तो म्हणाला, "मैं हौं, अउ मोर बाई हे." वर्गातल्या मुली फिदीफिदी हसल्या. त्याच्या बोलीत बाई म्हणजे बायको. तो बिचारा बावरला. बाई मात्र बावरल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पाहा बाबू. इथं बाई म्हंजे एकाची मास्तरीन, एकाची बायको, अन् बजारातल्या शेठले विचारलं तर नाचनारी. मले असा शब्द पायजे का ज्यात मीच मावीन."

लोकांच्या तोंडी मिस्ट्रेस बसेना. मिस्ट्रीस झालं, मिस्त्रीस झालं, शेवटी मिस्त्रीणबाईवर येऊन थांबलं. एकदा आडगावचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन शाळेच्या दारात. "मिस्त्रीनबाई कोन व्हय? माह्या विहिरीचं बांधकाम ढासळून राहिलं. कवा येता?" त्याला वाटलं, ही गवंडीकाम करणारी बाई आहे, आणि तिरोड्याला असलं नवल असेलही. बाई बाहेर आल्या. हसल्या नाहीत.

"विहीर बांधता येत नाई मले. तुले पोट्टी हाय का?"

"हाय ना जी. नऊ वर्साची."

"तिले आन. मंग मिस्त्री मी पाहून देतो."

त्यांनी खरंच गवंडी पाहून दिला, आणि त्याची मुलगी शाळेत आली. पुढे अशी चूक आणखी दोघांनी केली. दोघांच्याही मुली पटावर आल्या. चुकीची दुरुस्ती करण्याची त्यांची ही रीत होती.

रविवारी दुपारी त्या माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत. कचेरीच्या पडवीत, सगळ्यांच्या देखत. माझ्याकडे एक जाडा इंग्रजी कोश होता, त्याचा मला अभिमान होता. त्यांची शिकण्याची पद्धत वेगळी. एक शब्द घ्यायचा आणि त्याचे असतील तेवढे अर्थ वहीत उतरवायचे. "एकच अर्थ घेतला तर शब्द आपल्याले फसवते," म्हणायच्या.

अर्थातच एके रविवारी त्या म्हणाल्या, "आज माहा शब्द काढा."

मी कोश उघडला. मिस्ट्रेस. घराची मालकीण. एखाद्या कलेत तरबेज असलेली. शिकवणारी. नावाआधी लावायचं मानाचं पद. प्रेमपात्र असलेली. त्यानंतर सहावा अर्थ होता. त्यावर मी अंगठा ठेवला आणि म्हणालो, "झालं. पाच."

शिष्टाचार म्हणून ठेवला. बाईमाणसासमोर तो अर्थ कसा वाचायचा? त्या वेळी मनात खरंच दुसरं काही नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे केलं ते करताना तो सहावा अर्थ मला माहीत होता आणि त्यांना नव्हता. तो मीच लपवलेला होता.

तिसऱ्या वर्षीच्या रोवणीत बिनसलं. आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली की मुलीच काय, म्हाताऱ्याही घरात राहत नाहीत. मालगुजारांनी निरोप पाठवला: शाळा महिनाभर बंद ठेवा, पोरी बांधीत पाहिजेत. बाईंनी उलट निरोप पाठवला, की शाळा बंद होणार नाही, बांधीत येईल. आणि दुपारच्या सुट्टीत त्या फळा घेऊन मालगुजारांच्या शेतात धुऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मुली चिखलाच्या पायांनी धुऱ्यावर बसल्या. त्यांच्या आया बसल्या. आयांच्या सासवा बसल्या. सुट्टी संपली तरी कोणी उठेना, कारण एक म्हातारी स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर ओलं बोट घेऊन पाटीवर काढत होती आणि ते पुरं झाल्याशिवाय ती कोणाला उठू देत नव्हती. मालगुजारांचा दिवाणजी ओरडत आला. बाई म्हणाल्या, "थांबा जी, सखुबाईचा स होऊन राहिला."

त्या दिवशी अर्धी बांधी रोवायची राहिली. मालगुजारांनी मला बोलावलं.

"बाबू, इस मास्तरीन को हटाओ. कारण तुमी शोधा. कागद इंग्रजीत पाहिजे, मड्डमले पाठवाचा."

मुलींच्या शाळा तपासणारी गोरी बाई नागपूरला होती. तिला सगळे मड्डम म्हणत. तिच्या संमतीशिवाय मास्तरीण काढता येत नव्हती.

मी त्यांना सांगू शकलो असतो की कारण नाही. निकाल चांगले होते, पट वाढला होता. माझं काम जाईल ही भीती होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं, आणि आज तेच सांगायचंय. त्याआधीच्या सभेत मी एक अर्ज वाचून दाखवला होता. त्यात मी 'सिन्स टू इयर्स' असं लिहिलं होतं. बाई आपल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "बाबू, तिथं 'फॉर' पायजे ना?" बरोबर होतं त्यांचं. मीच त्यांना शिकवलं होतं ते. सगळे हसले. ज्यांना इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं, ते मालगुजार सगळ्यांत जास्त हसले. बाई नव्हत्या हसल्या. त्यांनी मान खाली घालून वहीत काही लिहिलं. पण माझ्या कानात ते हसणं राहिलं, आणि ते मी त्यांच्या नावावर मांडलं.

बाई राहायच्या दाजीबा पटले नावाच्या एका म्हाताऱ्या विधुर शेतकऱ्याच्या घरी, ओसरीलगतच्या खोलीत. पासष्टीचा माणूस, ऐकू कमी, दिसायला त्याहून कमी. मी पत्रात दोन-चार इकडच्या तिकडच्या तक्रारी लिहिल्या आणि शेवटी एक वाक्य. दि मिस्ट्रेस इज केप्ट बाय वन पटले, अ विडोअर.

मिस्ट्रेस म्हणजे मास्तरीण. केप्ट म्हणजे ठेवलं. मास्तरणीला पटल्यांनी ठेवून घेतलंय, राहायला जागा दिलीय, असं कोणाला दाखवायचं असेल तर दाखवता येतं. शब्द सुटे घेतले तर दोन्ही सभ्य. शेजारी बसवले की काय होतं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. ठेवलेली हा शब्द आपल्याकडेही आहे. मी ते वाक्य तीनदा वाचलं. पकडला गेलो तर कसा सुटेन, ते आधी ठरवलं आणि मग सही घ्यायला नेलं. मालगुजारांनी तो शब्द मला सांगितला नव्हता. त्यांना तो येतच नव्हता. तो शब्द माझा.

दहा दिवसांत उत्तर आलं. मिस्ट्रेसच्या वर्तनाबद्दल गंभीर बाब कळली आहे, चौकशीला येते, तोवर तिनं शाळेत पाऊल टाकू नये.

मला ते उत्तर बाईंना वाचून दाखवावं लागलं. त्या म्हणाल्या, "वर्तन म्हंजे? पत्रात काय लिवलं होतं?" मी म्हणालो, मला आठवत नाही, मालगुजारांनी सांगितलं ते लिहिलं. पण नक्कल दप्तरात होती, आणि समितीतल्याच कोणीतरी ते वाक्य त्यांना दाखवलं. त्याच दिवशी चारच्या सुमाराला त्या माझ्याकडे आल्या. "बाबू, कोश द्या." एवढंच. मी दिला. त्यांनी पान काढलं, उभ्यानंच वाचलं. सहाव्या अर्थाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कोश काखेत घेऊन गेल्या.

गावात कुजबुज झाली. पटल्यांच्या शेजारणींनी तोंडं फिरवली. पटले म्हाताऱ्याला कोणीतरी कानात ओरडून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मले? अगा, मले तर दात बी नाई राहिले!" ओसरीवर बसलेले हसले. म्हातारा नाही हसला. रडायला लागला. "माह्या लेकीसारखी व्हय ते," म्हणत राहिला. बाई आतून भाकर घेऊन आल्या, त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "रडून नोका राहू, दाजीबा. तुमी रडले तर लोकाईले वाटते का काई तरी असल."

सगळे त्यांना म्हणत होते, खोली बदला. मीही म्हणालो. कशाला, कोण जाणे. कदाचित बदलली असती तर मला हलकं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "खोली सोडली तर कागद खरा होते."

चौकशी शाळेच्या अंगणात झाली. मड्डम टेबलाशी, बाजूला मालगुजार आणि सभासद. मुलींच्या आयांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या आल्या आणि कुंपणाशी बसल्या. मड्डमला मराठी जेमतेम येत होतं, म्हणून दुभाष्या कोण? मी.

मड्डमनं विचारलं, की तू या माणसाच्या घरी राहतेस, हे खरं का? मी मराठीत सांगितलं.

बाई म्हणाल्या, "राहतो. मड्डमले सांगा, पत्रात माह्या कामाचं नाव लिवलं हाय, मिस्ट्रेस. त्याचे अर्थ काय काय, ते आधी वाचून होऊ द्या. मंग मी जबाब देतो." आणि कोश टेबलावर ठेवला. "बाबू, तुमीच वाचा. इंग्रजीत मड्डमसाठी, मराठीत या बायाईसाठी."

मड्डमच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तिनं मान हलवली. मी वाचू लागलो. घराची मालकीण. कलेत तरबेज. शिकवणारी. मानाचं पद. कुंपणाशी बायका माना डोलवत होत्या. प्रेमपात्र असलेली. तिथे एकीला हसू फुटलं. आणि मी थांबलो. अंगठा आपोआप पुढच्या ओळीवर गेला होता.

"वाचा ना. थांबून काऊन राहिले?"

"बाई..."

"अंगठा काढा, बाबू."

मी अंगठा काढला. वाचलं. मराठीत सांगितलं: "रखेली."

भागरथाबाई मड्डमकडे वळल्या. "सहा अर्थ हायेत. पहिले चार माहे. पाचवा माह्या नशिबात नाई." कुंपणाशी पुन्हा हसू. "सहावा माहा नाई, दाजीबाचा बी नाई. तो ज्यानं लिवला त्याचा. कोनं लिवला, ते इथं सगळ्याईसमोर सांगावं."

हे वाक्य मला इंग्रजीत करून मड्डमला सांगावं लागलं. सांगितलं. मड्डमनं मालगुजारांकडे पाहिलं, मालगुजारांनी माझ्याकडे. मला एवढंच म्हणायचं होतं: मी, जाणून. तेवढं बोललो असतो तर पत्र तिथेच फाटलं असतं.

मी म्हणालो, भाषांतराची चूक झाली. आमच्या भाषेत राहायला जागा देण्यालाही ठेवणं म्हणतात. माझं इंग्रजी कच्चं आहे, माफ करावं.

मड्डम 'बाबूंचं इंग्रजी!' असं काहीतरी पुटपुटली आणि हसली. मालगुजार हसले. मी सुटलो. पण चूक ठरल्यामुळे आरोप खोटा ठरला नाही, नुसता पुसट झाला. मालगुजारांनी लगेच ते धरलं: चूक असो नसो, बोभाटा तर झाला, आता आया मुली कशा पाठवतील? मड्डमनं मधला मार्ग काढला. मिस्ट्रेसनं ती खोली सोडून दुसरीकडे राहायला जावं, आणि गैरसमज नको म्हणून यापुढे कागदावर फीमेल टीचर म्हणवून घ्यावं. मग शाळा तिचीच.

मी हे मराठीत सांगितलं. बाईंनी विचारलं, "फीमेल म्हंजे?"

"मादी," मी म्हणालो. त्या दिवशी एवढं एकच खरं भाषांतर केलं.

"गाईम्हशीले बी तेच म्हनतेत ना?"

"हो."

"मड्डमले सांगा, खोली सोडनार नाई अन् शब्द बी सोडनार नाई. शाळा सोडतो. चौथीच्या पोट्ट्याईची परीक्षा झाली का जातो."

मड्डमनं समजावून पाहिलं, सूर मवाळ केला. बाई ऐकून घेत होत्या, पण मान एकदाही हलली नाही. कुंपणाशी बसलेली सखुबाई उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "मिस्त्रीनबाई, तुमी कायले जाता? जानाऱ्याईले जाऊ द्या." तिचं मी भाषांतर केलं नाही.

परीक्षेपर्यंत त्यांनी मुलींना पटल्यांच्या ओसरीवर शिकवलं. बोभाटा झाला म्हणणाऱ्या गावातल्या मुली रोज त्याच ओसरीवर जात होत्या. चौथीच्या साऱ्या मुली पास झाल्या. निघायच्या आधी बाईंनी एक गोष्ट केली. शाळेची खुर्ची शेवटची डोक्यावर घेतली, बाजारातून नेली, मालगुजारांच्या बैठकीत सभासदांच्या ओळीत मांडली आणि म्हणाल्या, "हे शाळेची. इथंच राहू द्या. पुढच्या मास्तरनीले वाहून आनाले नोको लागाले." मालगुजार पानाला चुना लावत होते, लावत राहिले. खुर्ची मात्र कोणी हलवली नाही. पुढची मास्तरीण आली ती पहिल्या सभेपासून तीवर बसली, आणि ती तिथे का आहे हे तिला कधी कळलं नाही.

कोश मला दाजीबांच्या हाती परत मिळाला. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

त्या अर्जुनी मोरगावला गेल्या, एका तलावाच्या काठी देवळाच्या पडवीत त्यांनी शाळा काढली, असं कानावर यायचं. मधे बरीच वर्षं गेली. मालगुजार वारले. माझे केस पिकले, नोकरी पक्की झाली, इंग्रजी चांगलं म्हणून माझं नाव झालं. कोणी त्या जुन्या पत्राची आठवण काढून हसलं की मीही हसायचो: तरुणपणीची चूक, दुसरं काय. इतक्यांदा म्हटलं की कधी कधी मलाही ती चूकच वाटायची.

गेल्या चैत्रात गोंदियाच्या स्टेशनात मी त्यांना पाहिलं. चांद्याकडे जाणारी गाडी उभी होती. दहा-बारा मुली, प्रत्येकीच्या हातात गाठोडं, परीक्षा देऊन परत निघालेल्या. त्यांच्यात त्या. केस पांढरे, चाल तीच, आवाज तोच. तिकीट तपासनिसाला सांगत होत्या, "जनाना डब्बा भरला म्हंजे आमी बसाचं नाई का? जनाना डब्बा आमच्यासाठी हाय, आमी डब्ब्यासाठी नाई." तो मुकाट्यानं बाजूला झाला.

मी पुढे झालो. त्यांनी ओळखलं. "बाबू! म्हातारे झाले की."

मी काय बोलायचं ते कधी ठरवलं नव्हतं. तोंडातून एकदम निघालं. "बाई, ते पत्र... ती चूक नव्हती. सहावा अर्थ मला ठाऊक होता. मी मुद्दाम लिहिलं. मालगुजारांनी नाही सांगितलं, मीच."

गाडीनं शिट्टी दिली. मुली चढू लागल्या होत्या.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तवाच ठाऊक होतं. तुमचं इंग्रजी येवढं वाईट कधीच नोहतं."

"मग तुम्ही का नाही बोललात? चौकशीत? सगळ्यांसमोर?"

"मी बोलली असती तर तुमचं-माहं भांडन झालं असतं. लोकं म्हनले असते, या दोघाईचं काई तरी असल. ते तुमीच बोलाचं होतं, बाबू."

मी उभाच होतो. माफ केलं म्हणतील, किंवा नाही केलं म्हणतील, याची वाट पाहत होतो. त्यांनी एका मुलीचं गाठोडं माझ्या बाजूनं आत ढकललं, दुसरीला दंडाला धरून वर चढवलं.

"सरका जी," त्या म्हणाल्या. "दारातच उभे हाये तुमी. पोट्ट्या चढून राहिल्या."

मी सरकलो.